पावती आणि रुजुवात

कचेरीत ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला हे दोन शब्द ठाऊक असतात. टपाल आले की बारनिशीत नोंद होते आणि आणणाऱ्याच्या हातावर पावती पडते. पावतीचा अर्थ एवढाच की वस्तू पोचली. ती धाडली होती तशीच पोचली, की वाटेत तिचे काही बरेवाईट झाले, याविषयी पावती मुकी असते. ते पाहावयाचे तर मूळ एका हाती आणि नक्कल दुसऱ्या हाती घेऊन ओळीशी ओळ ताडावी लागते. या ताडण्याला आपले जुने कारकून रुजुवात म्हणत. रुजुवात झाली म्हणजे कागदावर 'रुजू' असा शेरा पडे, आणि मगच तो कागद खरा.

पावती म्हणजे रुजुवात नव्हे, ही गोष्ट सांगितली तर कोणालाही पटते. पण माणसाला ती पुन्हा पुन्हा शिकावी लागली आहे, आणि आपल्या काळात ती यंत्रांनाही शिकवावी लागली. त्या शिकवणीचा इतिहास मी येथे सांगणार आहे. स्थळ आमचेच : जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याचे दोन शेजारी तालुके. निमित्त मात्र अगदी नव्या धाटणीचे आहे. दूरच्या सर्व्हरवरून नेटवर्कच्या स्विचकडे, आणि स्विचकडून सर्व्हरकडे, त्याच्या चालण्याची फाईल कशी नेतात, हे ते निमित्त. विषय ऐकून वाचकांनी पान उलटू नये. फराळाचे ताट बाजूला ठेवावे लागेल इतका तो कठीण नाही.

स्विच म्हटल्यावर भिंतीवरचे दिव्याचे बटण डोळ्यांपुढे येते. हा स्विच निराळा. ती एक चपटी लोखंडी पेटी असते. तिच्या तोंडाशी तारा खोचावयाची भोके ओळीने असतात आणि हिरवे दिवे लुकलुकत असतात. टपाल कचेरीत पत्रांची थप्पी समोर घेऊन हे मंचरचे, हे ओतूरचे, हे घोडेगावचे, असे ज्याच्या त्याच्या खणात टाकणारा कारकून असतो ना, त्याचेच काम ही पेटी करते. फक्त एका सेकंदात लाखो वेळा. बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत, मोबाइलच्या मनोऱ्याखालच्या खोलीत, जेथे जेथे संगणक एकमेकांशी बोलतात तेथे तेथे अशी एखादी पेटी कोपऱ्यात धूळ खात बसलेली असते.

या पेटीचे सारे शहाणपण एका फाईलीत असते. त्या फाईलीला धंद्यात 'इमेज' म्हणतात. चित्राशी तिचा काही संबंध नाही. पेटीच्या स्मरणात जे जसे असावयाचे ते तसेच्या तसे उतरविलेला तो ठसा होय. साखरेची चित्रे पाडण्याचे लाकडी साचे आपण पाहिले आहेत. साच्यातल्या हत्तीची सोंड तुटली, की त्यातून निघणारा प्रत्येक हत्ती बिनसोंडेचा. इमेजचे तसेच आहे, किंबहुना अधिक कठीण आहे. कादंबरीत एक अक्षर चुकले तरी वाचक समजून घेतो. इमेजमधला एक कण इकडचा तिकडे झाला तर पेटी समजून घेत नाही. ती उठतच नाही.

हा ठसा वरचेवर बदलावा लागतो. जुन्यात दोष सापडतात, चोरवाटा सापडतात, नवी कामे शिकवावयाची असतात. मग कारखानदार नवा ठसा काढतो, तो पुण्या-मुंबईच्या एखाद्या सर्व्हरवर ठेवला जातो, आणि तेथून तारेवाटे पेटीकडे धाडावयाचा असतो. शहाणा माणूस त्याआधी पेटीतला जुना ठसा उलट दिशेने सर्व्हरवर नेऊन जपून ठेवतो. नवा बिघडला तर जुना हाताशी असावा म्हणून. एवढीच क्रिया. पण पेटी असते चाळीस कोसांवर, आणि ती उठली नाही तर कोणी तरी तेथवर जावे लागते. म्हणून 'पोचले काय?' याबरोबर 'तसेच पोचले काय?' हा प्रश्न येथे फार महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण अजून दाखवितात. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात. तो रांजण पावतीचा. रुजुवातीची गोष्ट मात्र शेजारच्या लेण्यात आहे. तेथे सातवाहन घराण्यातील राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला थोर लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे, कार्षापणांचे आकडे त्यात कोरले आहेत, आणि आपल्या देशातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. पण खडक झिजला, अक्षरे गळाली. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सपासून अनेकांनी या लेखाच्या नकला केल्या. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि त्यांच्यामागून ब्यूलर यांनी त्याचे वाचन पक्के केले. नकलेवरून नक्कल केली तर चुकीवर चूक चढते. म्हणून मूळ खडकाशी ताडूनच पाठ ठरवावा लागतो. सुदैव एवढेच की हे मूळ जागचे हलत नाही.

ज्याचे मूळ हाती उरलेले नाही त्याचे काय? ज्ञानेश्वरीचे तसे झाले होते. नकलनवीस भाविक असत, आणि भाविकपणाच्या भरात जुना शब्द कळला नाही की सोपा घालीत, कोठे पदरची ओवी जोडीत. तीनशे वर्षांत पाठ इतके गढूळ झाले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. नकलनविसाने केलेली 'सुधारणा' ही चोरीपेक्षा घातक असते, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे यंत्रांच्या बाबतीत हाच नकलनवीस आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आणि ज्या वाङ्मयाला कागदच नव्हता त्याचे? नारायणगावापासून जवळच आळे गावी ज्ञानेश्वरांच्या मुखी वेद बोलविलेल्या रेड्याची समाधी आहे, अशी श्रद्धा आहे. रेड्याचे राहू द्या. माणसांनी ते वेद शतकानुशतके निव्वळ मुखाने कसे जपले, हे नवल त्याहून लहान नाही. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी तेच शब्द सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे म्हणावयाचे, म्हणजे एक शब्द निसटला तरी पुढची वीण उसवते आणि चूक तेथल्या तेथे पकडली जाते. रुजुवात पाठांतरातच विणून टाकण्याची ही युक्ती होती.

राज्यकारभारात हीच सावधगिरी मुद्रेने पाळली. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवछत्रपतींच्या पत्रांत माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपला की तळाशी लहानशी समाप्तिमुद्रा उमटे : 'मर्यादेयं विराजते'. लेखनाची मर्यादा येथे संपली, असा तिचा अर्थ. तिच्यामुळे पत्र पुरे पोचले की अर्धे, हे कळे. आणि तिच्या खाली कोणी पदरचे लिहिले तर तेही उघडे पडे. एवढ्याशा ठशाचे केवढे काम!

आता एकदम १९७१ सालावर येतो. त्या साली नारायणगावजवळ आर्वी येथे देशातले पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. पुढे डॉ. विक्रम साराभाईंचे नाव त्याला देण्यात आले. उसाच्या आणि बाजरीच्या शेतांमधून अचानक वर आलेली ती जवळजवळ तीस मीटर व्यासाची पांढरी थाळी ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरणे शक्य नाही. परदेशी जाणारे दूरध्वनी, तारा, चित्रे आमच्या शिवारावरून आकाशात चढू लागली. नाणेघाटाने दोन हजार वर्षांपूर्वी जे केले तेच आर्वीने केले. घाट फक्त छत्तीस हजार किलोमीटर उंच झाला.

त्याच साली अमेरिकेत एक कागद निघाला. त्याचा कर्ता आपलाच होता. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचा पदवीधर अभय भूषण हा तेव्हा एम.आय.टी.त शिकत होता. इंटरनेटची आजी म्हणावी अशा आर्पानेटवर एका यंत्रातली फाईल दुसऱ्या यंत्रात कशी न्यावी, याचे नियम त्याने १६ एप्रिल १९७१ च्या एका टिपणात मांडले. त्या टिपणाचा क्रमांक ११४. एफटीपी या नावाने ही रीत पुढे जगभर गेली. तिच्यात फाईल नेण्याचे दोन मार्ग असतात : एक मजकुराचा, दुसरा जशाच्या तशाचा. मजकुराच्या मार्गाने नेताना ओळी संपल्याच्या खुणा पलीकडच्या यंत्राला समजतील अशा बदलल्या जातात. पत्रासाठी ही सोय उत्तम. पण कोणी चुकून स्विचची इमेज त्या मार्गाने धाडली, की यंत्र तिच्यातही ओळी शोधू लागते आणि सापडतील तेथे 'सुधारणा' करते. फाईल पुरी पोचते, पावती मिळते, आणि ठसा साफ बिघडलेला असतो. एकनाथांनी ज्याच्याशी झगडा केला तोच हा भाविक नकलनवीस.

एफटीपी लहानशा पेटीला पेलवत नसे. पेटीच्या उपजत स्मरणात मावेल असे काही तरी अगदी साधे हवे होते. नोएल चियाप्पा याने ते योजिले आणि कॅरन सोलिन्स या विदुषीने १९८१ साली त्याचे नियम लिहून काढले. त्याचे नाव टीएफटीपी. याची रीत आपल्या खेड्यातल्या मोजणीसारखी आहे. धान्याचे एक माप ओतायचे, समोरच्याने 'एक' म्हणायचे. मग दुसरे ओतायचे, त्याने 'दोन' म्हणायचे. येथे माप आहे ५१२ बाइटांचे. दर मापामागे पावती यावी लागते, ती येईपर्यंत पुढचे माप निघत नाही. पावती आली नाही तर तेच माप पुन्हा ओतायचे. आणि संपल्याची खूण? शेवटचे माप ५१२ पेक्षा कमी भरते, हीच खूण. फाईल नेमकी मापांत बसत असेल, तर अखेरीस एक रिकामे माप धाडावे लागते. रिकामे का होईना, पण धाडलेच पाहिजे. 'मर्यादेयं विराजते' म्हटल्यावाचून पत्र पुरे होत नाही!

पण दर मापाला पावती मागण्याची किंमत पडते, आणि ती अंतरावर ठरते. सोळा मेगाबाइटांची इमेज घेतली तर तिची ३२,७६८ मापे होतात. आर्वीसारख्या केंद्रातून उपग्रहाच्या वाटेने एक माप जाऊन त्याची पावती यावयास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, कारण प्रकाशालाही ती चढउतार दोनदा करावी लागते. हिशेब केला तर नुसत्या वाट पाहण्यात चार तासांहून अधिक वेळ जातो. तीच फाईल चौदा किलोमीटर लांबीच्या काचेच्या तंतूतून नेली तर सारी वाट पाहणी पाच सेकंदांच्या आत आटोपते. रीत तीच, पावत्या तितक्याच. अंतराने तासांचे सेकंद केले.

या पावत्यांनीच एकदा घोटाळाही केला. एखादे माप वाटेत रेंगाळले, की धाडणारा ते हरवले समजून पुन्हा धाडी. मग दोन्ही पोचत, दोहोंची पावती येई, आणि नियमच असा होता की पावती आली की पुढचे माप धाडा. दोन पावत्या आल्या, म्हणून पुढचे माप दोनदा गेले. त्याच्या पुन्हा दोन पावत्या. एका उशिरामुळे सबंध फाईल शेवटपर्यंत दुहेरी वाहत राही. झाडूला पाणी भरायला लावून त्याला थांबविण्याचा मंत्र विसरलेल्या शिष्याची गोष्ट युरोपात प्रसिद्ध आहे. तिच्यावरून या दोषाला 'जादूगाराच्या शिष्याचा दोष' असे नाव पडले. १९९२ च्या सुधारित नियमांत तो काढून टाकला : दुसऱ्यांदा आलेल्या पावतीला उत्तर द्यावयाचे नाही, बस्स. पावतीवर आंधळा विश्वास ठेवला की कारभार कसा फुगतो, हे कचेऱ्यांनी यावरून शिकण्यासारखे आहे.

माझा एक भाचा या पेट्यांची देखभाल करण्याच्या धंद्यात आहे. त्याच्या उमेदवारीच्या काळातली हकीकत त्यानेच सांगितली. भारनियमनाचे दिवस होते. तालुक्याच्या एका कचेरीतल्या स्विचकडे रात्री पुण्याहून इमेज धाडली जात असताना तेथली वीज गेली. जागा कमी म्हणून जुना ठसा आधीच पुसलेला होता, आणि नवा अर्धाच उतरला होता. वीज आली तेव्हा पेटी उठेना. आता तिला तारेवरून काही सांगण्याची सोय नव्हती, कारण ऐकण्याचे शहाणपणही त्या ठशातच होते. भाचा मोटरसायकलवर संगणक आणि एक निळी केबल घेऊन गेला. पेटीच्या पाठीला एक जुनाट छिद्र असते. तेथून तिच्या उपजत बुद्धीशी हळू आवाजात बोलता येते. त्या छिद्रातून सेकंदाला साडेनऊशे बाइट जातात. सोळा मेगाबाइट जायला पाच तास लागले. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा हिरवा दिवा लागला.

त्या छिद्रातून बोलण्याची रीत एक्समोडेम नावाची. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सेन याने ती १९७७ साली बनविली. तिच्यात माप १२८ बाइटांचे, पण एक मोठी गोष्ट नवी होती : दर मापाच्या शेवटी त्यातल्या सर्व आकड्यांच्या बेरजेचा शेष लिहून धाडावयाचा. घेणाराने आपली बेरीज करून ताडावी. जुळली तर पावती, नाही तर पुन्हा धाड. भाच्याने हे सांगितले तेव्हा मी म्हटले, "अरे, हा तर नवाचा ताळा!" आमच्या पिढीने गुणाकार करून झाला की नवाचा ताळा पाहिला आहे. ताळ्याचे गुण आणि अवगुण दोन्ही येथे आले. ४७ च्या जागी ४८ लिहिले तर ताळा चूक पकडतो. ७४ लिहिले तर तो मुकाट्याने होकार देतो, कारण बेरीज तीच राहते. बेरजेच्या ताळ्याला अदलाबदल दिसत नाही. म्हणून पुढे भागाकाराचे अवघड ताळे आले, आणि १९९० नंतरच्या दशकात एका निराळ्याच जातीचा ताळा सर्वत्र रूढ झाला.

हा ताळा सबंध फाईलीचा काढतात. फाईल केवढीही असो, उत्तर ठराविक लांबीचे येते. प्रा. रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ साली योजलेल्या एमडी-५ चे उत्तर बत्तीस अक्षरांचे असते. पुढे आलेल्या शा-२५६ चे चौसष्ट अक्षरांचे. गंमत अशी की मूळ फाईलीत एक कण बदलला तरी उत्तर अर्धेमुर्धे नव्हे, पार बदलून जाते. कारखानदार हा ताळा जाहीर करतो. पेटीत इमेज पोचली की पेटीलाच तिचा ताळा काढावयास सांगतात आणि दोन्ही ताडतात. हीच खरी रुजुवात. पण २००४ साली चीनच्या वांग शियाओयुन या गणितज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी-५ ताळा देणाऱ्या दोन निराळ्या फाईली बनवून दाखविल्या, आणि जगाला कळले की ताळाही म्हातारा होतो.

शिवाय टीएफटीपीला दाराशी कोणी विचारीत नाही. तेथे नाव नाही, परवलीचा शब्द नाही. घरच्या घरात ते चालते. रस्त्यावर चालत नाही. १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन याने गुप्त बोलणीची रीत काढली, आणि फाईली बंद लखोट्यातून जाऊ लागल्या. इमेजवर कारखानदाराची अंकी सही येऊ लागली. ती पटली नाही तर पेटी ठसा स्वीकारीतच नाही. मोर्तब पुन्हा एकदा कागदावर उमटले म्हणावयाचे.

या साऱ्याचे महत्त्व पाहावयाचे तर नारायणगावहून खोडदला जावे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिचे जनक गोविंद स्वरूप. त्यांनी १९६५ साली कल्याण येथे ऑस्ट्रेलियाहून आलेल्या बत्तीस लहान थाळ्यांची दुर्बीण उभी केली होती, आणि मग निलगिरीत उटीची मोठी. त्यांची सर्वांत थोर कृती मात्र सातवाहनांच्या वाटेनेच घाट चढून जुन्नर तालुक्यात आली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि सोळा तीन बाहूंवर, दर बाहू सुमारे चौदा किलोमीटर लांब. दोन टोकांमधले सर्वांत मोठे अंतर पंचवीस किलोमीटर. २००२ पासून ती जगातल्या सर्व ज्योतिषशास्त्रज्ञांना खुली आहे.

तीस थाळ्यांची मिळून एक दुर्बीण होते ती काचेच्या तंतूंमुळे. दर थाळीला आकाशातून आलेला क्षीण आवाज तंतूवाटे मध्यवर्ती इमारतीत येतो, आणि तेथे दर जोडीची रुजुवात घेतली जाते. तीस थाळ्यांच्या जोड्या होतात ४३५. या जुळणीतूनच आकाशाचे चित्र उमटते. उलट दिशेने थाळीकडे आज्ञा जातात : इकडे वळ, तिकडे थांब. सुधारित दुर्बिणीत या आज्ञाही संगणकी जाळ्यातूनच जातात. आता गंमत पाहा. रेडिओ दुर्बिणीला हवी असते शांतता. सह्याद्रीच्या डोंगरांची आड आहे म्हणून तर ही जागा निवडली. आणि प्रत्येक संगणकी पेटी स्वतः थोडा रेडिओगोंगाट करतेच. म्हणून तेथे यंत्रे धातूच्या आवरणात कोंडून ठेवावी लागतात. अशी कोंडलेली पेटी पुन्हा पुन्हा उघडणे परवडत नाही. तिला शिकवावयाचे ते तंतूवरून, आणि ताळा पाहून.

पावतीविना काय होते, याचाही प्रत्यय खोडदने घेतला आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे श्यापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा अगदी क्षीण आवाज ऐकण्याचे काम खोडदच्या थाळ्यांकडे होते, आणि त्यांनी तो उतरताना ऐकला. तेथून येथवर पोचायला त्या आवाजाला दहा मिनिटांच्या आसपास लागत होती. जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी आवाज थांबला, तो थांबलाच. यान आपटून फुटले होते. जगातल्या पुष्कळ लोकांच्या आधी ही शांतता जुन्नर तालुक्याने ऐकली.

खोडदला निदान तज्ज्ञ मंडळी जागी असतात. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे, भीमाशंकराच्या अंगाला जी आदिवासी गावे आहेत तेथे कोण असते? ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ती बातमी बाहेर आली ती नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आलेल्या एस.टी.च्या चालकाने पाहिले म्हणून. गाव होते तेथे त्याला चिखल दिसला. गाव आपण होऊन काही सांगू शकत नव्हते. त्या चालकाने स्वतःच्या डोळ्यांनी रुजुवात घेतली.

त्यानंतरच्या वर्षांत ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा तंतू नेण्याची योजना देशभर चालली. तंतूच्या टोकाला पेटी आली, आणि पेटीत ठसा आला. पावसाळ्यात घाटवाटा बंद असताना त्या पेटीचा ठसा बिघडला, तर बिघाड फक्त एका पेटीचा राहत नाही; रुग्णवाहिकेला हाक मारण्याची एक वाट बंद होते. पेटीत जुना ठसा राखून मगच नवा धाडावा, जागा पुरेशी आहे ना ते आधी पाहावे, विजेची तरतूद करावी, ताळा जुळल्यावाचून पेटीला झोपवून उठवू नये, हे नियम म्हणून कारकुनी वाटतात. त्यांच्या पलीकडच्या टोकाला माणसे आहेत.

आणि रुजुवातीचीही एक मर्यादा आहे. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाईल जगातल्या सुमारे पंचाऐंशी लाख संगणकांवर जाऊन पोचली. वाटेत ती बिघडली नव्हती. धाडली तशीच पोचली. दोष मुळातच होता. संगणक निळे पडले, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन बसावे लागले, भाचा बसला होता तसे. पावती सांगते, पोचले. रुजुवात सांगते, तेच पोचले. मोर्तब सांगते, अमक्याने धाडले. पण धाडले ते चांगले होते काय, हे या तिघांपैकी कोणीही सांगत नाही. ते धाडण्यापूर्वी माणसाने पाहावयाचे असते.

दिवाळीत आपले व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. गंध-फुले वाहून पहिल्या पानावर 'श्री' लिहितात. त्याआधी जुन्या वहीची बाकी नव्या वहीत उतरवून घेतलेली असते, आणि दोन माणसे समोरासमोर बसून, एकाने वाचावयाचे आणि दुसऱ्याने ताडावयाचे, अशी तिची रुजुवात झालेली असते. ही जुनी चाल आहे. काचेच्या तंतूवरून ठसे धाडणाऱ्या आमच्या नव्या पिढीने ती आपल्या परीने चालू ठेवली आहे, याचा मला आनंद वाटतो.